हापूसची साखळी कशी सांभाळावी: नव्या बागायतदाराला अनुभवाचे सल्ले

मुंबईची नोकरी सोडून कायमचे गावाला आलात म्हणे, बाग बघायला. छान केलंत. ऑफिसात केक कापून झाला असेल, फेसबुकवर मातीच्या ओढीची पोस्ट पडली असेल, आता वडलांची दीडशे कलमं आणि तुम्ही. इथवर ठीक होतं. पण परवा तुम्ही कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आलात आणि तिथे सप्लाय चेन, क्वालिटी, शाश्वत शेती, बागेपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांनी मिळून काम करायचं वगैरे स्लाइडवर बघून आलात, आणि वर ते तुम्हाला पटलं पण, हे कळल्यावर माझ्याच्याने राहवेना. देवगड तालुक्यात पंचवीसेक सीझन आंबा काढलाय मी, तेवढ्या अधिकाराने सांगतो, ऐका.

पहिलं म्हणजे आंबा तयार झालाय की नाही हे बघत बसू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं म्हणणं आहे की 85 टक्के तयार झाल्यावर काढा, फळाचे खांदे देठाच्या वर आले पाहिजेत, देठापाशी खळी पडली पाहिजे, पाण्यात टाकला तर बुडला पाहिजे. अहो, आंबा बुडायची वाट बघत बसलं तर आपण बुडतो. पाडव्याच्या आधी वाशीला पोचलेल्या पेटीला जो भाव मिळतो तो मेच्या पंधरा तारखेला स्वप्नात पण मिळत नाही, त्यामुळे कोवळा तर कोवळा, काढा आणि धाडा. आंबट निघाला तर गिऱ्हाईक म्हणतं यंदा हवामानच खराब होतं. हवामान बिचारं काही बोलत नाही.

काढायचा कसा, तर काठीने हिसडा मारून. त्याच विद्यापीठाने नूतन झेला म्हणून एक प्रकार काढलाय, ब्लेडने देठ कापला जातो, आंबा अलगद जाळीत पडतो, देठ फळालाच राहतो. दिसायला मस्त आहे, आमच्या पडवीत दोन टांगलेत, एकात कोंबडीने अंडी घातलीत. देठ तुटला ना की चीक येतो, पांढुरका, आंब्याच्या गालावरून सरळ खाली ओघळतो, आणि जिथून ओघळला तिथे पिकताना काळसर पट्टा उठतो आणि बहुतेक वेळा तिथूनच नासायला सुरुवात होते. पण ते पिकताना! तेव्हा तो आपल्याकडे असतोय कुठे? आमचे काका म्हणायचे, "आंबो झाडार आसा तवसर आपलो, पेटयेत भरलो काय दलालाचो." सगळी सप्लाय चेन या एका वाक्यात बसते, ट्रेनिंगला जायची गरज नाही.

तोडलेला माल सावलीत न्यायचा असं पण सांगितलं असेल. सोडून द्या. कातळावर ढीग करा, भर दुपारी, चहा बिहा घ्या, मग भरायला बसा. अभ्यासक म्हणतात की साक्याचं, म्हणजे आंबा आतून बिघडण्याचं, एक कारण म्हणजे तापलेल्या जमिनीची धग, झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर साका कमी होतो. असेल. पण साक्यावर माझा वैयक्तिक जीव आहे, कारण साका बाहेरून दिसत नाही. वरून सोन्यासारखा, वास घरभर, आणि कापला की आत कोयीच्या बाजूला पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गोळा. बागायतदाराला दिसत नाही, ड्रायव्हरला दिसत नाही, दलालाला नाही, दुकानदाराला नाही, दिसतो तो थेट दादरच्या ताईला, सुरी फिरल्यावर, पाहुण्यांसमोर. साखळीतल्या एवढ्या माणसांची एकदम सोय बघणारा दोष देवाने दुसऱ्या कुठल्या फळाला दिला असेल असं वाटत नाही.

बाग स्वतः करायची नसेल तर ठेक्याने द्या. तीन वर्षांचे पैसे एकरकमी हातात. ठेकेदार पावसाळ्यात मुळाशी पॅक्लोब्युट्राझोल घालेल, ज्याला सगळे नुसतं कल्टार म्हणतात, मोहोर लवकर येईल, फळ लवकर येईल. जास्त घातलं आणि दरवर्षी घातलं की कलम थकतं, पालवी आखूड होते, पण ते चौथ्या वर्षी कळतं आणि चौथ्या वर्षी ठेकेदार दुसऱ्याच्या बागेत असतो. ऐन मोहोरात फवारणी करून मधमाश्या मारायचं कामही तोच करतो, तुम्हाला हात लावावा लागत नाही. शाश्वत म्हणतात ते हेच असावं, दरवर्षी न चुकता होतं.

आता वाशी. दलालाकडून गणपतीच्या सुमारास उचल घ्यायची, म्हणजे भाव कितीला मिळेल ही चिंता आठ महिने आधीच मिटते. मग माल जातो आणि पट्टी येते, म्हणजे दलालाचा हिशेबाचा कागद. माझ्याकडे एक जुनी पट्टी आहे, फ्रेम करून लावणार आहे. पेट्या चाळीस. भाव तीन तऱ्हेचे, सगळ्या पेट्या मीच एका झाडाखाली बसून एका हाताने भरलेल्या असताना. पाच पेट्या डागी. भाडं, हमाली, तोलाई, आणि तळाला एक ओळ, "इतर". 2016 च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्या म्हणून सांगितलं, व्यापाऱ्यांनी बंद पण पाळला होता तेव्हा. त्यानंतर माझ्या पट्टीवरचा अडत हा शब्द गेला आणि "इतर" जरा लठ्ठ झालं. मी फोन करून विचारलं इतर म्हणजे काय, तर ते म्हणाले, "भाऊ, इतर म्हणजे बाकीचं." बरोबरच आहे की. तेव्हा विचारू नका. तुम्ही डागी पाचाचं विचारलंत तर ते कोवळ्या पंधराचं विचारतील, आणि मग बोलणंच वाढत जाईल.

वाटेत रस्ता आहे, मुंबई-गोवा हायवे. चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, तेव्हा लावलेली कलमं आता धरायला लागली. देवगडहून वाशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, उघडा टेम्पो, वर ताडपत्री, मे महिना. हापूस तेरा डिग्रीला नीट राहतो म्हणतात, आमच्या टेम्पोत किती असते ते कोणी मोजलेलं नाही, आणि मोजू नये, उगाच आकडा कळतो. गाडी हळू ने असं ड्रायव्हरला सांगायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, त्याला पहाटेच्या लिलावाला पोचायचंय, उशिरा पोचला तर भाव तुमचाच पडतो. असे सगळे एकमेकांच्या हिताचेच असतात बघा.

पुढे पिकवणं. आमच्याकडे अढी घालतात, भाताचा पेंढा, एक थर आंबा, एक थर पेंढा, आठ-दहा दिवस, आणि रोज खोलीत शिरल्यावर वास कसा बदलतो ते कळतं. एवढा वेळ बाजारात कोणाला आहे. इथिलीन गॅसला परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत, त्यासाठी चेंबर लागतो, खर्च लागतो. त्यापेक्षा कार्बाइडची पुडी, कागदात बांधली आणि पेटीत टाकली की झालं, दोन दिवसांत पिवळाधमक. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत त्यावर बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात म्हणून, पण पुडी कोण टाकतो हे आजवर कोणालाच माहीत नाही. मी टाकत नाही. दलाल म्हणतो मी टाकत नाही. दुकानदार म्हणतो माल असाच आला. पुडी बहुतेक स्वतःच चालत येते पेणपर्यंत आणि टेम्पोत चढते.

यासाठीच सांगतो, साखळीत सहकार्य नाही असं जे म्हणतात ना ते बाहेरचे लोक. एवढं सहकार्य मी लग्नकार्यात पण बघितलं नाही. कोवळा मी काढला हे दलाल बोलत नाही, पेट्या त्याने खाली-वर केल्या हे मी बोलत नाही, पुडीबद्दल दुकानदार बोलत नाही, आणि दादरची ताई देवगडचा म्हणून भावाला घासाघीस करकरून जो घेते तो देवगडचा नाही हे तिला पण आतून माहीत असतं, ती बोलत नाही. सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. फक्त आंबा तेवढा राहतो सांभाळायचा.

नावाचं म्हणाल तर 2018 ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. त्याआधी कितीतरी वर्षं देवगड मोठं की रत्नागिरी मोठी यात गेली, तेवढ्यात कर्नाटकचा आंबा आरामात पेटीत बसला, कानडी पेपर काढून मराठी पेपर घातला की झाला कोकणी, आणि आता तर डिसेंबरात मलावीहून पण हापूस येतो, विमानाने, आपल्याआधी. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने आता फळागणिक कोडचा स्टिकर काढलाय. फार त्रासदायक प्रकार. जेवढी फळं काढाल तेवढेच स्टिकर, म्हणजे पाहुण्याच्या बागेतला, मावसभावाचा, बेळगावकडचा असा सगळा गोतावळा आपल्या नावावर घालता येत नाही. घरोबा तुटतो असल्याने.

दूधवाल्यांचं आणि द्राक्षवाल्यांचं तर उदाहरण सुद्धा देऊ नका माझ्यासमोर. ते गुजरातेत 1946 पासून गावातल्या सोसायटीत दूध घालायला गेलं की तिथल्या तिथे फॅट बघून त्याप्रमाणे पैसे, म्हणजे पाणी घातलेलं लगेच कळतं, ही काय पद्धत झाली? आणि नाशिकवाले, 2010 ला त्यांच्या द्राक्षात क्लोरमेक्वाट हे वेलाची वाढ रोखायचं रसायन सापडून युरोपात कंटेनर अडकले, तर शहाण्या माणसाने काय करावं, हवामानावर ढकलावं की नाही? ते बसले प्रत्येक प्लॉटचं रजिस्ट्रेशन, काढणीआधी सॅम्पल, लॅबचा रिपोर्ट असलं सगळं आणखी घट्ट करत. आंब्यालाही तशी मॅंगोनेट म्हणून सोय आहे बरं का, पण त्यात आपण काय फवारलं ते लिहावं लागतं, आणि लिहायचं म्हणजे आधी आठवावं लागतं.

एकदा आमच्या वाडीने सहकार्य करून बघितलंय, ते पण सांगतो. 2014 ला युरोपने आपला आंबा बंद केला, तारीख 1 मे, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून. आदल्या वर्षीच्या मालात फळमाशी सापडली होती. सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळू पण बंद, म्हणजे पंगतच उठवली. तेव्हा आमच्या देवळात मीटिंग झाली. विषय एकच, रक्षक सापळा, प्लॅस्टिकचा डबा, आत आमिष, नर माशी वासाने येते आणि अडकते. स्वस्त, सोपं, अट एवढीच की सगळ्या वाडीने एकाच वेळी लावायचे आणि झाडाखालची पडलेली, किडकी फळं रोज उचलून पुरायची, कारण अळी तिथूनच मातीत जाते. सात बागायतदार, दोन तास. एक म्हणाला, "माझ्या बागेत माशी नाय, ती तुझ्याकडसून येता." दुसरा म्हणाला, "मी सापळो लावलंय तर सगळ्यांची माशी माझ्याकडे येतली, मगे?" तिसऱ्याने सापळे कुठल्या फंडातून हे विचारलं आणि चौथ्याला पालखीचा जुना हिशेब आठवला. शेवटी दोघांनी लावले. माश्या अडकल्या भरपूर, डबा काळा झाला होता, मी हातात घेऊन बघितलाय, पण उरलेल्या पाच बागांतून रोज नवीन येतच राहिल्या. बंदी पुढच्या जानेवारीत उठली. आता युरोपला जायचं तर 48 डिग्रीच्या पाण्यात आंबा तासभर बुडवून काढतात. वाडीला जमलं नाही ते गरम पाणी करतं.

(मासळीवाले पण आपलेच भाऊ हो. एलईडी लाइट लावून मासेमारी 2017 पासून बंद आहे, एखाद्या रात्री बंदरावर उभं राहून क्षितिजाकडे बघा, दिवाळी दिसते.)

आता शेवटचं, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगणार नाहीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मला फोन यायला लागतात. पहिला दलालाचा. "भाऊ, घरासाठी एक पेटी पाठव ना, तुझ्या त्या विहिरीजवळच्या कलमाची. पोरं खातात. पावडर नको हां." मग टेम्पोच्या ड्रायव्हरचा, बहिणीकडे द्यायची आहे, अढीतलीच पाहिजे. औषधाच्या दुकानदाराचा, विनाफवारणीची आहे का रे एखादी? गेल्या वर्षी ठेकेदाराने पण मागितली.

विहिरीजवळच्या त्या कलमाला मी काही मारत नाही, दरवर्षी थोडंच धरतं. ते आंबे मी स्वतः झेल्याने काढतो, कोंबडीची अंडी बाजूला ठेवून, सकाळी ऊन चढायच्या आत, देठासकट, आणि पोत्यावर सावलीत ठेवतो. ड्रायव्हर ती पेटी मागे टाकत नाही, केबिनमध्ये पायापाशी ठेवतो, खड्डा आला की एक हात पेटीवर. एक पण फळ फुटल्याची तक्रार आजवर आलेली नाही. अशा चार-पाच पेट्या होतात वर्षाला, आणि त्यांच्यात मी दोन पेपर जास्त घालतो.