फॅटी लिव्हर फक्त दारू पिणाऱ्यांना होतं? नाही हो!

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय, की फॅटी लिव्हर (म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं) दारू पिणाऱ्यांना नाहीतर जाड्या लोकांनाच होतं, बाकीच्यांनी टेन्शन घेऊ नका. हे चुकीचंय, प्लीज पुढे पाठवू नका. माझा दादा थेंबभर दारू घेत नाही, अंगानेही बारीकच, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, कारण शुगर होती, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, आणि हातपाय काडीसारखे असले तरी पोट सुटलेलं. आपल्याकडे चरबी पोटातच जास्त साठते म्हणून वजनाच्या काट्यावर जाऊ नका, टेपने कंबर मोजा, पुरुषांची 90 सेंटीमीटर आणि बायकांची 80 च्या वर गेली की धोका वाढतो. डायबेटीस हे तर फार मोठं कारण, पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास) असलेल्या मुलींनाही धोका जास्त, आणि कोल्ड्रिंक, गोड ज्यूस रोज पिणं हेपण लिव्हरमध्ये चरबी वाढवतं. आणखी एक, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणजे लिव्हर ठीक असंही नाही हं, रिपोर्ट नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं. शुगर असेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना लिव्हरचं नक्की विचारा.