पुढचा काही सरकेना

ट्रान्स-कॅनडा हायवे म्हटल्यावर बाबांनी किमान सहापदरी काहीतरी डोळ्यांसमोर आणलं होतं. सू सेंट मारी शहर सोडून हायवे १७ने उत्तरेला लागलो, तर जायला एक पट्टा, यायला एक पट्टा आणि दोन्हीकडे स्प्रूस नि बर्चचं न संपणारं जंगल. वावा गावापर्यंत सव्वादोनशे किलोमीटर असंच. भाचा शिकतो ते थंडर बे तर सातशेवर.

"देशाचा मुख्य रस्ता तो हाच?"

हाच. पुढे निपिगॉनला हायवे ११ही यालाच येऊन मिळतो आणि दोघांत मिळून पूल एक. जानेवारी २०१६मध्ये तो नवाकोरा पूल एका टोकाला वर उचलला गेला, तेव्हा कॅनडातल्या कॅनडात पूर्वेकडून पश्चिमेला गाडीने जाता येईना. वळसा थेट अमेरिकेतून.

"आमच्याकडं पूल वाहून जातात," बाबा म्हणाले, "वर नाय जात."

बाबा एसटीचे निवृत्त चालक. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट. शेजारी बसून त्यांचा उजवा पाय अखंड मॅटवर ब्रेक दाबत असतो. आणि आमच्या पुढे होतं एक मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच. मागे बांधलेली छोटी मोटार, तिच्यावर दोन सायकली. वेगमर्यादा ९०, स्वारी ७५वर. मधे दुहेरी पिवळी रेघ, नाहीतर समोरून ओंडक्यांचा ट्रक.

"हॉर्न दे की!"

"इथं हॉर्न म्हणजे शिवी, बाबा."

अखेर पाटी आली: ओव्हरटेकसाठी जादा पट्टा, दोन किलोमीटरवर. मी सावरून बसलो. पट्टा आला, रस्ता रुंदावला, आणि त्या रुंदीने मोटरहोमवाल्याच्या अंगात जे काही संचारलं, ते थेट १०५! पट्टा संपला, तसा पुन्हा ७५. पुढच्या पट्ट्यावर तेच. हा माणूस दुष्ट नसावा. मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप जड होत असेल. पण हा विचार मला आत्ता घरी बसून सुचतोय.

वावाच्या वेशीवर पोलादी हंस आहे. १९६०मध्ये इथवरचा रस्ता जोडला गेल्याच्या आनंदात उभारलेला, सध्याचा तिसरा. बाबांनी फोटो काढेपर्यंत मोटरहोमवाले काका कॉफी पिऊन, आम्हाला हात करून आमच्या आधी रस्त्याला लागले.

मग अंधारू लागलं आणि मूसच्या पिवळ्या पाट्या सुरू झाल्या. मूस म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, गडद रंगाचं आणि उंच. दिव्यांचा झोत त्याच्या पायांवर पडतो. धडक बसली की पाय बंपरवर आणि धड काचेतून आत. हे मी बाबांना सांगायला नको होतं. ते बराच वेळ गप्प बसले.

"ह्याच्या मागंच ऱ्हा," मग म्हणाले. "आला तर आधी त्यो ह्याला गाठंल."

तिथून पुढे त्या मोटरहोमइतकं सुंदर वाहन मी पाहिलं नाही. ७५ हा मला फार सुसंस्कृत वेग वाटू लागला. आणि नेमका तेव्हाच काकांनी इंडिकेटर दिला नि ते कॅम्पग्राउंडच्या वाटेला वळले.

आता पुढे आम्ही. दोघांच्या नजरा झाडीत, काटा सत्तरवर. आरशात एक दिवा, मग चार, मग चांगली लांबलचक रांग. एकाने दिवे उघडझाप करून दाखवले. तेवढ्यात जादा पट्ट्याची पाटी आली, रस्ता रुंद झाला, नि मागचा डावीकडून बाहेर पडला.

बाबांचा पाय मॅटवरून उचलला गेला.

"आरं, चाललाय की त्यो पुढं! दाब!"