मलेशियाने हे करून पाहिले आहे

पहिलीपासूनच गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवावे, म्हणजे मराठी शाळा टिकतील, हा एका लेखात वाचलेला मुद्दा मला पटत नाही. मलेशियाने 2003 मध्ये नेमके हेच केले. हे दोन विषय मलय भाषेतून काढून इंग्रजीत नेले, शिक्षकांना लॅपटॉप आणि जादा भत्ताही दिला. तरी 2009 मध्ये सरकारला माघार जाहीर करावी लागली आणि 2012 पासून टप्प्याटप्प्याने मलय माध्यम परत आले. शहरी आणि ग्रामीण मुलांमधली दरी वाढली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. कारण साधे आहे: ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही, तिथल्या मुलाला विषय आणि भाषा ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. सेमी इंग्रजीच्या वर्गात आकडेमोड मुले झटपट करतात, पण शाब्दिक उदाहरण आले की थबकतात. तेच उदाहरण मराठीत सांगितले की हात वर होतात! म्हणजे गणित त्यांना येत असते. मग आम्ही शिक्षक मराठीत समजावतो आणि उत्तर इंग्रजीत पाठ करून घेतो. विज्ञानात तर ‘असे का होते?’ हा प्रश्नच वर्गातून नाहीसा होतो, कारण तो इंग्रजीत विचारायची मुलांना भीती वाटते.

इंग्रजी हवीच, पालकांची ती मागणी रास्त आहे. त्यासाठी इंग्रजी हा विषय उत्तम शिकवणारे शिक्षक द्या, तासिका वाढवा. पण निदान पाचवीपर्यंत गणित-विज्ञान मराठीतच राहू द्या.