तीन गाड्या, एक फलाट

आमच्या घरात सकाळी नुसतं ‘झाली का?’ विचारतात. ‘काय?’ असं उलट विचारणारा पाहुणा समजावा.

मावसभावाच्या लग्नात तीन दिवस पुऱ्या, बासुंदी आणि एसटीचा प्रवास झाला, पाणी मात्र घोटभर. माझ्या पोटातली गाडी यार्डात गेली ती चौथ्या दिवशीही हलेना. बातमी घरभर झाली.

आईनं इसबगोल भिजवला. मी पेला घेऊन पेपर वाचत बसलो; अग्रलेख संपेपर्यंत पेल्यात खळ तयार! “अरे, ढवळलं की लगेच प्यायचं, वर आणखी पेलाभर पाणी. नाहीतर आतही असाच घट्ट बसेल.” दुसरा पेला प्यायलो आणि दारावर कान लावल्यासारखा वाट बघत राहिलो. इसबगोल ही पॅसेंजर आहे, पोचायला दिवस ते तीन दिवस घेते, हे तेव्हा कुठे ठाऊक!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्यानं पोट साफ करणारी बिसाकोडिलची गोळी दिली. रात्री दहाला घेतली. तीही दुधाबरोबर, कारण दुधानं पोट साफ होतं असं लहानपणापासून ऐकलेलं. ही गोळी आतड्यात विरघळायची असते. दुधामुळे तिचं आवरण आधीच, जठरात, सुटतं आणि मुरडा येतो. हे केमिस्टनं सांगितलं, पण मुरडा येऊन गेल्यावर. शिवाय तिला सहा ते बारा तास लागतात. मी दीड तास थांबलो.

साडेअकराला आजी उठली. “गोळ्या कसल्या खातोस? आमच्याकडे दर रविवारी एरंडेल असायचं.” सुंठीच्या काढ्यात दोन चमचे. नाक दाबून गिळलं. एरंडेल मात्र दोन ते सहा तासांत काम करतं.

आता गणित तुम्हीच करा. पहाटे चारला तिन्ही गाड्या एकाच फलाटावर आल्या. घरात संडास एक. सकाळी नऊपर्यंत मी आणि मिठा-साखरेचं पाणी, एवढाच संसार उरला होता.

त्याच आठवड्यात पाच वर्षांच्या चिरंजीवांनी संप पुकारला. शाळेच्या संडासाला वास येतो म्हणून दाबून ठेवायचं. मग खडा होतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून पुन्हा दाबायचं. आजी चमचा घेऊन निघालीच होती. तिला अडवून (हा पराक्रम माझ्या बायोडेटात घालायला हरकत नाही) त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त पडतं का, उलट्या होतात का, पोट फुगलंय का, हे त्यांनी आधी विचारलं. “मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना देऊ नका, आणि एरंडेल तर नाहीच,” हे माझ्याकडे बघून म्हणाले. त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. ती पाण्यात विरघळवायची; पाणी शौचातच धरून ठेवते, म्हणून दुखत नाही. एकदा साफ झालं की बंद करायची नाही, भीती जाईपर्यंत काही आठवडे, लागल्यास महिने. दूध कमी. जेवणानंतर पोट आपणहून हलतं, तेव्हा पाय पाटावर टेकवून दहा मिनिटं बसायचं, आणि नुसतं बसल्याबद्दलही कॅलेंडरवर एक चांदणी.

आता कॅलेंडरवर माझाही रकाना आहे. काल मोठ्या ऐटीत बाहेर आलो, तर चिरंजीवांनी अर्धीच चांदणी काढली.

“पाट कोरडाच आहे बाबा. पाय टेकवलेच नव्हते तुम्ही.”