बापूंची गोदावरी

काल नेव्ही डे होता, त्यामुळे पम्या पाटील येणार आणि भाषण ठोकणार हे ठरलेलंच होतं. जेलरोडला थंडी अशी पडलीये की चहाचा ग्लास कोणी हातातनं खाली ठेवायला तयार नाही, आणि हा पठ्ठ्या मोबाईल प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवत फिरतोय. स्टेटस बघा, स्टेटस बघा. वर विक्रांत, खाली राजमुद्रा, मागे ढोल-ताशा.

विलासकाका म्हणाले, "अरे पण नाशिकला समुद्र आहे का? देवळालीला तोफखाना आहे, ओझरला विमानं आहेत. नेव्हीचं काय आपल्याकडे?" काका प्रेसमधनं रिटायर, जन्म नोटा छापण्यात गेला, त्यामुळे जे नाशिकरोडला बनत नाही ते देशात नाहीच असं त्यांचं एकंदर मत.

"समुद्र नाही, पण आरमार असतं काका आज!" पम्या सुरू. "पेशव्यांनी बुडवलं म्हणून नाही!"

झालं. जोशी ग्लास घेऊन उठलेच. या दोघांचं गणपतीच्या वर्गणीवरनं वाजलं त्याला तीन वर्षं झाली, पण वर्गणीवर भांडता येत नाही म्हणून दरवेळी विजयदुर्ग काढतात. १७५६. नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं की नाही, हो की नाही बोला. जोशी म्हणतात जाळलं ते इंग्रजांच्या ॲडमिरल वॉटसनच्या तोफांनी, आणि तुळाजी तरी कोणाचं ऐकत होता, सावत्र भाऊ मानाजीशी वैर, पेशव्यांशी वैर. पम्या म्हणतो म्हणून घरात इंग्रज बोलवायचे का. खरं सांगायचं तर या एका प्रश्नाला जोशींकडे उत्तर नसतं, पण पम्याचा आवाज इतका मोठा असतो की त्याचं बरोबर असलं तरी ऐकवत नाही.

बापू तोपर्यंत गप्प. बापू मूळचे सिन्नरचे, १५ वर्षं नेव्हीत. स्टोकर. म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलर सांभाळणारा माणूस. ट्रेनिंग लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. (हे नाव इंग्रजांनीच १९४५ ला दिलेलं, हे पम्याला बापूंनीच सांगितलं होतं, तेव्हा पम्या दोन दिवस कट्ट्यावर आला नव्हता.)

बापू म्हणाले, "पाटील, विजयदुर्गात ती गुराबं-गलबतं जळाली ना, त्यांच्यावर पाटील किती होते? आणि जोशी किती?"

दोघं गप्प.

"कोळी होते, भंडारी होते, गाबीत होते, दालदी मुसलमान होते. भांडताय तुम्ही दोघं, पोट गेलं ते त्यांचं."

आता इथे पम्याने थांबायला पाहिजे होतं. पण तो म्हणतो, "बापू, खलाशी काय, हुकूम पाळणारे. इतिहास राजे घडवतात, सेनापती घडवतात."

मला हे फार लागलं. बापूंना लागलं का माहीत नाही, ते शांतपणे म्हणाले, "खुखरी माहितीये?"

पम्याला आयताच फुलटॉस. "पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेलं आपलं जहाज! ९ डिसेंबर ७१! दीवजवळ! कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, जहाजासोबत गेले, महावीर चक्र!"

"बरोबर. मुल्लासाहेबांचं नाव घ्यायलाच पाहिजे. आमच्या मेसमध्ये खुखरीचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली यायचे. त्या रात्री १८ ऑफिसर गेले आणि १७६ सेलर. त्या १७६ मधलं एक नाव सांग."

कोणी काही बोललं नाही. मागे सिटी बस गेली तिचा हॉर्न तेवढा ऐकू आला. मलाही एक नाव येत नव्हतं आणि ह्याची मला अजून खंत वाटतेय, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

"पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की वरचा माणूस निदान पाण्यात उडी मारतो," बापू बोलत होते. "आमच्या बॉयलर रूममधनं वर यायला उभी शिडी, एकावेळी एकच माणूस. खाली गरम इतकं की निफाडच्या थंडीतली माणसं तिथे नेऊन सोडली तर अर्ध्या तासात बनियनवर येतील. वाफ लीक झाली तर दिसत नाही, झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं, दांडा कापला गेला की समजायचं इथे आहे. असं रोज. लढाई नसताना." मग म्हणाले, "एक नाव मी देतो तुला, खुखरीवरचं नाही, पण सेलरचंच. लीडिंग सीमन चिमण सिंग. ७१ लाच, बांगलादेशात. बोट बुडाली, स्वतः जखमी, आणि सोबतच्या दोघांना निसटता यावं म्हणून हा गोळ्यांसमोर गेला. पकडला गेला. महावीर चक्र त्यालाही आहे. त्याचं लाव स्टेटसला."

पम्या मोबाईलमध्ये शोधायला लागला. जोशींनी हळूच विचारलं, "बापू, तुमच्या आईचे मामा ४६ च्या नेव्हीच्या बंडात होते ना?"

ही गोष्ट आम्ही दहादा ऐकलीये, पण बापू दरवेळी ती पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगतात. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबईला 'तलवार' नावाच्या नेव्हीच्या तळावर सुरुवात झाली ती जेवणावरनं. डाळ नीट नाही, वर तिथल्या गोऱ्या कमांडर किंगच्या शिव्या. बघता बघता ७८ जहाजं, २० तळ, २० हजार सेलर. युनियन जॅक उतरवून काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा असे तिन्ही झेंडे एकत्र. मामा कॅसल बॅरॅक्समध्ये होते, २१ तारखेला बाहेरनं गोरे सोल्जर आणि आतनं ही पोरं, गोळीबार. गेटवेला मुंबईकर पोरांसाठी जेवण घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी गिरणगाव बंद, रस्त्यावर २०० च्या वर माणसं मेली.

"आणि पम्या, ते कॅसल बॅरॅक्स म्हणजे आताचं आयएनएस आंग्रे. तुझ्या आंग्र्यांच्या नावाचा तळ. तिथल्या भिंतीपुढे उभा राहून काढ फोटो."

"पण सरदार पटेलांनी सांगितलं ना शरण या म्हणून? बघा, काँग्रेसने..."

"लीगनेही तेच सांगितलं. पक्ष काढू नको, चहा कडू होतो. कोणाला त्रास होणार नाही असा शब्द मिळाला होता, म्हणून २३ ला पोरं शरण आली. ४७६ जणांना काढलं. स्वराज्य आलं तरी परत घेतलं नाही, ना आपल्या नेव्हीने ना पाकिस्तानच्या. आमचे मामा सिन्नरला येऊन मरेपर्यंत बिड्या वळत बसले."

पम्या म्हणाला, "पण २०२२ ला २६ जानेवारीच्या परेडला नेव्हीचा चित्ररथ बंडावरच होता. म्हणजे मान दिलाच ना?"

"दिला. छान होता, मी टीव्हीवर पाहिला, रडलो पण. फक्त ७६ वर्षं लागली. बिडी वळणाऱ्या माणसाला तेवढी वर्षं नसतात रे."

विलासकाकांना असली शांतता सहन होत नाही. "बरं ते जाऊ दे, नाशिकचं काय ते सांग. आहे का काही आपलं नेव्हीत?"

आणि बापूंचा चेहरा उजळला, कारण ते ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. आयएनएस गोदावरी. माझगाव डॉकला बांधलेली, डिझाईन आपलं, १० डिसेंबर १९८३ ला नेव्हीत आली. बापू तिच्याच बॉयलर रूममध्ये. ८८ च्या नोव्हेंबरमध्ये मालदीवला बंड करायला आलेली भाडोत्री टोळी ओलीस माणसं घेऊन प्रोग्रेस लाईट नावाच्या जहाजातनं पळाली, ते जहाज गोदावरीने गाठलं. "वर काय चाललंय ते आम्हाला स्पीकरवर कळायचं. आम्ही खाली फक्त प्रेशर पडू दिलं नाही." त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळात एक गोदावरी होती, ती फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली, नाव बदलून सिंध झाली.

"थांब थांब," विलासकाका, "आपली गंगा पाकिस्तानला दिली?" (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.)

"गंगा नाही, गोदावरी. गंगा वेगळं जहाज, माझ्या गोदावरीच्या क्लासमधलंच."

"गोदावरी आणि गंगा वेगळ्या? पंचवटीत जाऊन बोलून दाखव!"

इथे पहिल्यांदा सगळे हसले. बापूही. मग म्हणाले, "२३ डिसेंबर २०१५ ला तिला नेव्हीतनं काढलं. मुंबईला काही जाता आलं नाही, म्हणून रामकुंडावर गेलो आणि एक दिवा सोडला पाण्यात. घरी पण सांगितलं नाही."

मी जोशींकडे बघितलं, जोशी पम्याकडे. पम्याचे डोळे भरून आलेले, खोटं सांगत नाही.

तेवढ्यात विलासकाका एकदम ताडकन, "एक मिनिट. २०१५ चा डिसेंबर? म्हणजे माझी ॲक्टिव्हा घेऊन गेला होतास तो दिवस! बँकेत जाऊन येतो म्हणाला होतास! टाकी रिकामी करून आणलीस, द्वारका चौकापासनं ढकलत आणली मी दुसऱ्या दिवशी!"

"अरे जन्मभर नोटा छापल्यास, शंभराच्या पेट्रोलवर दहा वर्षं डूख धरून बसलास?"

"छापल्या, घरी नाही आणल्या!"

जोशींच्या नाकातनं चहा आला. पम्या तर कट्ट्यावरनं खालीच बसला हसत. बापूंनी खिशातनं शंभरची नोट काढून काकांच्या हातावर ठेवली, आणि काकांनी ती आधी, सवयीने, दिव्यापुढे धरून तपासली.