वाईला वाईचं काम मिळेना

आमच्या गावाने सिनेमात आजवर बिहारचं काम केलंय, उत्तर प्रदेशाचं केलंय आणि वेळ पडली तेव्हा तमिळनाडूचंही केलंय. हिंदीवाल्यांनी वाईला वाईचंच काम दिल्याचं मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. २००३ साली ‘गंगाजल’मध्ये आम्ही बिहारी होतो. पुढच्याच वर्षी ‘स्वदेस’ आला आणि आमच्या शेजारचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. २००६ला ‘ओंकारा’, पुन्हा उत्तर प्रदेश. २०१०ला ‘दबंग’, पुन्हा तेच. एव्हाना आम्हाला तिकडचं रेशनकार्ड मिळायला काही हरकत नव्हती. तेवढ्यात २०१३ साली ‘चेन्नई एक्स्प्रेस’ने आम्हाला उचलून थेट दक्षिणेत नेऊन ठेवलं. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी. तिला २००७ साली ‘तारे जमीं पर’मध्ये काय काम मिळालं, तर निवासी शाळेचं! पाचगणीत जिकडे दगड मारावा तिकडे निवासी शाळाच लागते. म्हणजे तिला स्वतःचंच काम मिळालं, आणि आम्ही खाली भाषा बदलत बसलोय.

दोष आमच्या रूपाचा. कृष्णेकाठचे सात घाट, झिजलेल्या काळ्या पायऱ्या, गणपती आळीत रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, शेजारी काशीविश्वेश्वर, मधेमधे वाडे आणि या सगळ्याच्या मागे उभा सह्याद्री. मुंबईहून पहाटे निघालेलं युनिट दुपारच्या जेवणाला इथे हजर होतं. नटनट्यांना संध्याकाळी वर थंड हवेत नेऊन झोपवता येतं. खऱ्या गंगेकाठी एवढं लटांबर न्यायचं तर निर्मात्याला आधी स्वतःच्याच नावाने गंगेत पाणी सोडावं लागेल. आमच्या पूर्वजांनी गावाला दक्षिण काशी म्हटलं ते कौतुकाने. कुणी ते शब्दशः धरेल आणि क्रेन घेऊन येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

मोठ्या लवाजम्याने इथे मुक्काम टाकायची रीत तशी जुनीच. १६५९ साली अफजलखानाने वाईलाच तळ ठोकला होता. त्याच्याबरोबरही तंबू होते, आचारी होते, जनावरं होती आणि नुसते हुकूम सोडत फिरणारी माणसं होती. पण खानाची माणसं कुणाला “सर जी, बस दो मिनट” म्हणाल्याची नोंद कुठल्या बखरीत सापडत नाही.

हे ‘दो मिनट’ म्हणणारं पोरगं विशीतलं असतं. गळ्यात ओळखपत्र, कमरेला वॉकीटॉकी, डोळ्यांत दोन-तीन रात्रींची झोप. आळीच्या तोंडाशी दोरी ताणून ते उभं असतं. दोरीच्या अलीकडे दुधाची पिशवी घेऊन मी, पलीकडे माझं घर. “सर जी, बस दो मिनट, शॉट चल रहा है.” मी टाचा उंचावून पाहतो. शॉट कुठेच चाललेला नसतो. एक जण शिडीवर चढून दिव्याला काळं कापड बांधत असतो, दुसरा खालून ते चुकीचं बांधल्याचं सांगत असतो आणि उरलेले शंभरेक लोक चहा पीत असतात. सिनेमा हा मूळचा चहा पिण्याचा धंदा आहे, मधे फट सापडली की त्यात शॉट घेतात, हे आमच्याकडे चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

“बेटा, मेरा घर है वो,” मी म्हणतो. माझं हिंदी वाईचं आहे. इतक्या वेळा उत्तर प्रदेश होऊनही ते काही सुधारलेलं नाही. पोरगं मला आपादमस्तक न्याहाळून विचारतं, “आप आर्टिस्ट हो क्या?” मी खरं ते सांगतो आणि दूध नासायची वाट बघत उभा राहतो. आमच्या शेजारचे बापू माझ्या मागेच होते. त्यांनी याच प्रश्नाला शांतपणे “हां” म्हटलं, दोरीखालून पलीकडे गेले आणि जाता जाता युनिटच्या पंगतीला बसून पनीर खाऊन आले.

पण दोरी परवडली, कंटिन्युइटी नको. आमच्या वाड्याचा सज्जा घाटाकडे आहे. एका सकाळी आईने गोधडी धुऊन सज्ज्याच्या कठड्यावर टाकली. त्या दिवशी खाली घाटावर नायकनायिकेचं भांडण होतं आणि त्या भांडणाच्या मागे, वर डाव्या कोपऱ्यात, आमची गोधडी आली. आम्हाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात एक मुलगी. हातात फाइल, फाइलमध्ये फोटो.

“माताजी, कल वाली रजाई कहाँ है?”

आईला आधी वाटलं, गोधडीने कुणाचं काही नुकसान केलं. मग खुलासा झाला. भांडण संपलेलं नव्हतं. ते संपेपर्यंत गोधडी काल होती तिथेच, काल होती तशीच दिसायला हवी. आणि काल ती ओली होती. वाळलेली, घडी घालून ठेवलेली गोधडी आईने पुन्हा बादलीत बुडवली. फोटोत बघून त्या मुलीने ती वीतभर डावीकडे सरकवून घेतली. त्या नायकनायिकेचं भांडण काही मिटेना. कधी ढग आले म्हणून थांबायचं, कधी नायिकेच्या केसांचं काहीतरी व्हायचं, कधी नायक पाचगणीहून खाली उतरायचाच नाही. इकडे आमची गोधडी रोज सकाळी भिजत होती, रात्रभर पंख्याखाली वाळत होती आणि आई दोन शाली घेऊन कुडकुडत होती. माझ्या लग्नात रुसलेली माणसंसुद्धा यापेक्षा लवकर समजुतीला आली होती.

शेवटी आई खाली उतरली. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र घाटाच्या पलीकडे पोचणारा. प्रॉडक्शनवाल्याला तिने शुद्ध मराठीत सांगितलं, “माझ्या सासूच्या लुगड्यांची गोधडी आहे ही. वाडेवाल्यांना भाडं देता ना तुम्ही? गर्दीत उभं राहणाऱ्याला रोज देता? मग हिची हजेरी लावा.” त्या माणसाला किती कळलं कोण जाणे, पण त्याने हात जोडले आणि संध्याकाळी एक पाकीट पाठवलं. आमच्या घराण्यात सिनेमातून पैसा मिळवलेली ती गोधडी एकटीच.

आवाजाचा जाच वेगळा. कुणीतरी कर्ण्यातून “सायलेन्स!” ओरडतं आणि त्यानंतर अख्ख्या आळीने श्वासोच्छ्वास सोडून सगळं थांबवायचं. मिक्सर बंद, नळाची मोटर बंद, टीव्ही बंद, बाळाला पाळण्यातून उचलायचं कारण पाळणा करकरतो. एका दुपारी नायक आईच्या आठवणीने घाटावर रडत होता. त्याचा हुंदका नेमका दाटून आला आणि आमच्या स्वयंपाकघरातून कुकरने जोरदार शिट्टी दिली. खालून “कट!” असा आवाज आला, पाठोपाठ जिन्यात पावलं. “भाभीजी, गैस बंद कीजिए, बहुत इमोशनल सीन है.” बायकोने गॅस बंद केला. नायक पुन्हा रडू लागला, आता नदीपलीकडच्या म्हशीने साथ दिली. मग कावळा. मग देवळातली घंटा. पुजारीकाकांना थांबवायची मात्र कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी नायकाला मनासारखं रडू फुटेपर्यंत आमचं वरण शिजलं नाही. साडेतीनला आम्ही दडदडीत डाळ खाल्ली. दुसऱ्याच्या मातृशोकात याहून जास्त कसं सामील व्हायचं?

रात्रीचं शूटिंग असलं की अजून गंमत. जनरेटरची गाडी घरघरत असते आणि घाटावर असा उजेड पडतो की मासे बिचारे सकाळ झाली समजून वर येत असतील. ‘स्वदेस’मध्ये नासाचा इंजिनिअर गावाला वीज करून देतो ते आम्ही टाळ्या वाजवत पाहिलं होतं. आमच्या आळीत वीज नेमकी अशाच रात्री जाते. मग आम्ही सज्ज्यात पाट टाकून उत्तर प्रदेशाच्या उजेडात जेवतो.

फलकांची तर मी धास्तीच घेतलीय. रातोरात एखाद्या बंद इमारतीवर ‘थाना’ अशी पाटी चढते, खाली कुठल्याशा जिल्ह्याचं नाव, दारात जीप. एकदा खेड्यातून आलेले एक आजोबा थेट त्या ठाण्यात शिरले. बांधावरून भावकीशी भांडण होतं. आतला खाकीतला ज्युनियर आर्टिस्ट बिचारा शॉटची वाट बघत बसलेला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून “अच्छा? फिर?” केलं. आजोबा बाहेर आले ते समाधानाने. म्हणाले, “सायेब परमुलखातला हाय, पर मानूस सज्जन. इतकं कुनी ऐकूनच घेतलं न्हाई आजवर.” आम्ही त्यांना खरं सांगितलं नाही. तारीख कधीची दिली, असं विचारायचं तेवढं माझ्या ओठावर आलं होतं.

युनिट गेलं की पाहुणे येतात. पुण्याची मामेबहीण, तिचे मिस्टर, त्यांच्या सोसायटीतली दोन कुटुंबं. येतानाच मोबाइलवर सीन काढून ठेवलेले असतात. मेणवलीला नेलं की मी उत्साहाने सांगू लागतो, हा नाना फडणविसांचा वाडा, आणि ही घंटा बघा, चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांकडून आलेली, अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलाय, आणि टांगलीय कुठे, तर मेणेश्वराच्या दारी! एवढी मोठी गोष्ट मी एका दमात सांगतो. मिस्टर मान डोलावतात आणि विचारतात, “शाहरुख नेमका कुठल्या पायरीवर बसला होता?”

मला पायरी माहीत नाही. पूर्वी मी तसं सांगायचो, पण पाहुण्यांचे चेहरे पडायचे, पेट्रोल फुकट गेल्यासारखे. आता मी कुठलीही पायरी दाखवतो. तिच्यावर आळीपाळीने सगळे बसतात, मी फोटो काढतो. नानांनी अर्धं पेशवाईचं राजकारण पेललं, पण त्यांच्या वाट्याला एकही सेल्फी येत नाही. साडेतीन शहाण्यांपैकी अर्धा शहाणा म्हणून त्यांची गणना. आज असते तर त्यांनी घाटावर तिकीट लावलं असतं आणि पूर्ण शहाणे ठरले असते.

सिनेमा लागला की आम्ही साताऱ्याला जाऊन बघतो. बाकीचं थिएटर गोष्ट बघतं, वाईकर मागची भिंत बघतात. “अगं, तो आपला पार!” “गेला, गेला, कुलकर्ण्यांचा दरवाजा गेला!” नायिकेला गुंड पळवून नेत असतात आणि आमच्या रांगेत वाद, की गाडी वळली ती मधली आळी की गंगापुरी. बापू एका सिनेमात गर्दीत होते. लग्नातला फेटा बांधून सहकुटुंब बसले होते. पडद्यावर त्यांची पाठ आली, आणि पाठीवर नायकाचा हात. तेवढ्यावर मध्यंतरात त्यांनी सगळ्यांना वडे खाऊ घातले.

मला मात्र बघायला आवडतात ते मागचे डोंगर. माणसांना धोतर नेसवता येतं, पाटी बदलता येते, एसटीवर दुसऱ्या राज्याचा रंग मारता येतो, पण पांडवगड कुठे झाकणार? बिहारची ती अफाट सपाट माती दाखवायची म्हणून कॅमेरा बैलगाडीबरोबर हळूहळू फिरतो आणि बैलाच्या शिंगांमधून वर सह्याद्रीचा कातळकडा, माथा सुरीने कापल्यासारखा सपाट. गंगेच्या मैदानात! दिग्दर्शक पुढच्या वेळी कॅमेरा खाली धरतो, तर पुढच्या वळणावर वैराटगड डोकावतो. आम्ही थिएटरात शिट्ट्या मारतो. नायकाला वाटत असेल त्याच्यासाठी मारल्या.

तर गेल्या वर्षी एक मराठी दिग्दर्शक आले. तरुण, दाढी, बोलायला गोड. गोष्ट अस्सल साताऱ्याकडची, माणसं इथली, भाषा इथली. बापूंनी ताबडतोब फेटा काढला. मी त्यांना सगळं गाव दाखवलं. घाट, ढोल्या गणपती, आमचा वाडा, सज्जा. बायकोने थालीपीठ लावलं. आईने विचारलं नव्हतं तरी गोधडी आणून दाखवली आणि तिचा रोज किती तेही सांगून टाकलं. शेवटी आम्ही मेणवलीच्या पायऱ्यांवर बसलो. त्यांनी दोन्ही हातांची चौकट करून इकडून तिकडून बघितलं, सहाय्यकाशी कुजबुजले आणि अवघडून मला म्हणाले, “काका, जागा फार सुंदर आहे हो. पण खरं सांगू का? मराठी वाटत नाही. प्रेक्षक बघताक्षणी म्हणतील, हे यूपी आहे.”

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती गोधडीला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, “मग त्यांना सांग, यूपीला जा. तिथे मिळेल वाई.”