पूर्वीची घरं 'अशीच' होती म्हणे!

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, चकचकीत फ्लॅटचे फोटो आणि खाली लिहिलंय की पूर्वी मराठी माणसाचं घर असंच असायचं, मोजकं सामान, पितळेची भांडी, मंद पिवळा उजेड, सागवानी फर्निचर, आणि आता रेट्रो इंटिरियरमुळे तेच घर परत येतंय. फ्लॅट मस्तच आहे, वाद नाही, पण "असंच असायचं" म्हणजे नक्की कोणाकडे?

मोजकं सामान हा तर कळसच. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, खोली साधारण 160 स्क्वेअर फुटांची, आणि त्यात आठ-दहा माणसं म्हणजे काही नवल नव्हतं. सामान कमी नव्हतं हो, ते कोंबलेलं असायचं, कॉटखाली पत्र्याच्या ट्रंका, माळ्यावर गाद्या नि पिंपं, दारामागच्या एका खुंटीवर घरातल्या सगळ्यांचे शर्ट, आणि कोपऱ्यात मोरी, तिथेच अंघोळ तिथेच भांडी. संडास बाहेर, कॉमन, सकाळी रांग. फोटोत मोरी कुठे दिसली नाही ती!

आता पितळ. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, ती उडाली की ताक, आमटी, आंबट काहीही कळकतं, मग कल्हईवाल्याची वाट बघा, आणि रोज चिंच नि राख लावून घासा ते वेगळंच. म्हणून तर स्टील आलं तेव्हा बायकांनी पितळ खुशाल मोडीत घातलं, बोहारणीला जुन्या साड्या देऊन स्टीलचे डबे घेतले, त्यावर नावं कोरून घेतली. आज शेल्फवर बसलेल्या त्या तांब्याला लॅकर मारलेलं असतं, घासायला नको, आणि त्यातून पाणी तरी कोण पितंय!

मंद उजेड ही हौस नव्हती, लाइटबिलाची भीती होती, चाळीस वॉटचा एक बल्ब आणि त्याखालीच अभ्यास नि निवडणं-टिपणं. ट्यूब लागली की लोक खूश व्हायचे.

सागवानी झोपाळा होता ना, वाड्याच्या मालकाकडे! भाडेकरूकडे लोखंडी कॉट, घडीच्या खुर्च्या आणि जमलंच तर लग्नात आलेलं गोदरेजचं कपाट. खरा फरक मला विचाराल तर इथे आहे, रेट्रो घरात सगळं एकाच काळातलं, मॅचिंग, डिझायनरने एका फटक्यात निवडलेलं, आणि खऱ्या घरात कशाचा कशाला मेळ नाही, आजोबांची ट्रंक, तिच्या शेजारी सनमायकाचं टेबल, हप्त्यावर घेतलेला शटरवाला टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल, खिळ्याला कालनिर्णय. पैसे जमले की वस्तू घरात यायची आणि पार मोडली तरच जायची, कधीकधी तेव्हाही नाही.

राहिला तो कोपऱ्यातल्या स्टुलावरचा काळा डायलवाला फोन. "प्रत्येक घराची शान" म्हणे! अहो, नंबर लावून वर्षानुवर्षं कनेक्शनची वाट बघायचे लोक, अख्ख्या चाळीत एखाद्याकडेच फोन, आणि बाकीचे त्याचाच नंबर पुढे 'पीपी' लिहून बिनधास्त लग्नपत्रिकेत छापायचे.